गाडी नको, मालक बघा

जुनी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय घ्यायची म्हणताय? मग गाडीकडे ढुंकूनही बघू नका, मालक बघा. चाकणला बनलेली, १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, हे कंपनीने २०१३ सालीच सांगून ठेवलंय. पुढे तिचं काय झालं ते मालक सांगेल. "लेकरासारखी जपलीये." झालं, निम्मं काम फत्ते.

बोनेट उघडल्यावर आत लख्ख चमकत असेल, तर माणूस टापटिपीचा. गळकं तेल कालच पुसलं असेल, असल्या शंका नतद्रष्टांना येतात. तुम्ही पोचायच्या आत इंजिन गरम करून ठेवलंय? याला पाहुणचार म्हणतात. गार इंजिनाची पहिली खडखड ऐकायचा हट्ट पाहुण्याने धरू नये. एअर फिल्टरच्या डब्याच्या स्क्रूंची डोकी झिजलेली दिसतील. गाडी "एकदम स्टॉक" आहे, म्हणजे कंपनीने दिली तशीच; रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या सॉफ्टवेअरशी केलेली छेडछाड) वगैरे कधीच नव्हता. स्क्रू सोसायटीतल्या उंदरांनी खोलले असणार.

सर्व्हिसची बिलं मागू नका, समोरच्याचा अपमान होतो. ऑइल कुठलं घालता, एवढंच विचारा. "भारीतलं" असं उत्तर आलं की टर्बोची काळजी मिटली. विम्याच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस शून्य दिसला, तर गेल्या वर्षी काय ठोकलं असा अर्थ काढू नका. काही माणसांना बोनसचा मोहच नसतो.

टायर चार कंपन्यांचे चार असले तर मालक सर्वांना सामावून घेणारा आहे. टायरच्या कडेला ३४१५ असं काहीतरी कोरलेलं असतं, म्हणजे २०१५ सालचा चौतिसावा आठवडा. ते वाचायला खाली वाकावं लागतं. सोडून द्या, पँट मळेल.

आता सगळ्यात मोठा पुरावा: "फक्त रविवारीच काढायचो." बरोबरच आहे. पुण्यातल्या असल्या गाड्या रविवारी पहाटे लवासाच्या घाटात कशाला जातात? हवा खायला. किलोमीटर थोडे, पण एकेक रेडलाइनला, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांच्या कमाल मर्यादेला, टेकवलेला! मालकाचं घर कोथरूडला आणि ऑफिस हिंजवडीला असलं तरी रविवारचा हिशोब तपासू नका. डीएसजीचे दोन कोरडे क्लच ट्रॅफिकमध्ये रांगून रांगून तापतात म्हणे, पण ते इतरांच्या गाड्यांचे. म्हणून ट्रायलला रिकामा, सपाट रस्ता निवडा. चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलाने नेली आणि गाडी थरथरली, तर मालकाला उगीच वाईट वाटेल.

एवढं करून टोकन काढा. त्या क्षणी तो बोनेटवरून हात फिरवत म्हणेल, "देताना जीव तुटतो हो." मग घासाघीस तिथेच थांबवा. माणूस दुःखात आहे. अशा वेळी डीएसजीचा मेंदू, म्हणजे मेकॅट्रॉनिक, कधी बदललं, हे विचारणं बरं दिसत नाही.