पबचं कॅरेक्टर

पब घेतलाय हे मी आईला अजून सांगितलेलं नाही. ‘हॉटेल टाकलंय’ एवढंच तिला माहीत. तिच्या लेखी पब म्हणजे पुण्यात पहाटेपर्यंत धांगडधिंगा आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. आमचा पब म्हणजे वेल्सच्या हद्दीजवळच्या एका इंग्रजी खेड्यातलं, काळ्या लाकडी सांगाड्याचं, डाव्या अंगाला कललेलं सतराव्या शतकातलं घर. संध्याकाळी सहा-सात म्हातारे, दोन कुत्री, आणि अर्ध्या पाइंटवर दोन तास पावसाची चर्चा. बिअर वगळली तर गावातला पार.

मला त्याच्या मागच्या भिंतीला एक भोक पाडायचं होतं. ४० सेंटिमीटरचं, एक्झॉस्टसाठी. गुरुवारी मटण-भाकरी ठेवायचा बेत होता. पण लाल मिरची तेलात पडली की कुत्री आधी बाहेर जायची आणि म्हातारे मागोमाग.

सांगलीत असतो तर गवंड्याला फोन केला असता आणि चार वाजेपर्यंत भोक आणि चहा दोन्ही झालं असतं. इथे इमारत ‘ग्रेड टू लिस्टेड’. इंग्लंडातल्या वारसा इमारतींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त याच सर्वांत खालच्या पायरीवर आहेत, म्हणून मी निर्धास्त होतो. जनरलच्या डब्यात कोण तिकीट विचारतो! मग कळलं, १९९० च्या कायद्याप्रमाणे कन्सेंटशिवाय अशा वास्तूचं रूप बदललं तर तो फौजदारी गुन्हा. दोन वर्षांपर्यंत कैद, आणि दंडाला वरची मर्यादाच नाही. लंडनमधला कार्लटन टॅव्हर्न हा पब २०१५ साली मालकानं परवानगी न घेता पाडला होता. हुकूम सुटला, होता तसा परत बांधा. २०२१ मध्ये तो पुन्हा उभा राहून उघडलासुद्धा. हे वाचल्यापासून मी खिळ्यावरचं कालनिर्णय उतरवतानाही आजूबाजूला बघतो.

“निदान ती मागची मुतारी तरी पाडूया,” बायको म्हणाली. तर अंगणातलं १ जुलै १९४८ च्या आधीचं बांधकामही वारशातच धरतात. म्हणजे भारत स्वतंत्र होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हापासून जे उभं आहे, ते पूज्य. मुतारी त्याच्याही आधीची. वास तिच्याही आधीचा असावा.

लिस्टेड इमारतीच्या कन्सेंटला फी नाही. हे ऐकून मी खूश झालो, यातच माझं व्यवहारज्ञान दिसतं. फुकटच्या अर्जाला जोडायचे नकाशे फुकट नव्हते. प्लॅनिंगचा दुसरा अर्ज होता, त्याला फी होती. आणि हवं होतं ‘हेरिटेज स्टेटमेंट’, म्हणजे वास्तूची सगळी कुंडली. सल्लागार बाईंनी ३४ पानं लिहिली. माझ्या लग्नाच्या वेळी दोन्हीकडून मिळून इतकी चौकशी झाली नव्हती.

मग वटवाघळं. छपरात ती राहत असतील तर कायद्यानं संरक्षित. राहतात की नाही हे मोजायचं ते संध्याकाळी बाहेर पडताना, आणि तेही मे ते सप्टेंबर. आम्ही ऑक्टोबरात विचारलं होतं. थंडीभर वटवाघळं झोपली आणि त्यांच्या मानाकरता आम्हीही थांबलो. मे महिन्यात दोघं जण घडीच्या खुर्च्या टाकून, हातात यंत्र धरून छपराकडे टक लावून बसले. मी चहा नेऊन दिला. एकूण वटवाघूळ एक. तेही समोरच्या चर्चमधून आलेलं, असं आमचं प्रामाणिक मत आहे.

अखेर अर्ज दाखल झाला. विजेच्या खांबाला नोटीस बांधली गेली, हरकतींसाठी २१ दिवस. आणि ज्या गावातून शुक्रवारी रात्री अकरा माणसं येत नाहीत, तिथून सतरा पत्रं आली. मजकूर थोड्याफार फरकानं एकच: एक्झॉस्टमुळे पबचं ‘कॅरेक्टर’ बिघडेल. मी ते तीनदा वाचलं. आमच्याकडे पबमुळे माणसाचं कॅरेक्टर बिघडतं. इथे माणसामुळे पबचं. सगळ्यांत लांब पत्र पलीकडच्या गोठेवाल्याचं होतं. त्यात ‘वास’ हा शब्द नऊ वेळा. त्याच्याकडे दीडशे गाई आहेत.

पॅरिश कौन्सिल, म्हणजे आपली ग्रामपंचायत, पण निर्णय तिच्या हातात नाही. ती नुसतं मत देते. तरी बैठक अडीच तास चालली. त्यातला पाऊण तास दुसऱ्याच कुणाच्या तरी कुंपणावर गेला.

दरम्यान पावसानं मागच्या भिंतीचा सिमेंटचा गिलावा ढासळला. मी हात लावला नव्हता, हे मी लेखी दिलं. वारसा अधिकारी बाई पाहणीला आल्या आणि भिंतीपुढे गुडघ्यांवर बसल्या. चेहऱ्यावर काकड आरतीला आल्यासारखा भाव. आत हेझल नावाच्या झाडाच्या काड्यांचं विणकाम, वर माती, गवत आणि...

“शेण,” मी म्हणालो.

त्यांनी चमकून वर पाहिलं. मी काय सांगणार? तो कूड होता. भोर तालुक्यातल्या माझ्या आजोळी कारवीचा असायचा, हा हेझलचा; बाकी तोच. तीच खडबडीत, बोटं उमटलेली माती. आजोबांनी तो पाडून सिमेंट-विटांचं घर बांधलं तेव्हा पेढे वाटले होते. आणि बाई मला समजावत होत्या, की सिमेंटनं ओल आत कोंडते आणि लाकूड कुजतं.

दहाव्या आठवड्यात निकाल आला. नियम आठांचा, पण माझ्याच भोकाची वाट बघून प्लॅनिंगवाले थोडेच बसले होते? परवानगी मिळाली, शेजारच्या नंतर बांधलेल्या विटांच्या भागात. कुडाला भोक नाही. शिवाय अट: उघडा पडलेला कूड जुन्या पद्धतीनंच लिंपायचा, आधी एक मीटरचा नमुना करून दाखवायचा, साहित्य आणि कृती लेखी.

बादली घेऊन मी गोठेवाल्याकडे गेलो. तो काही बोलला नाही. खोरं घेऊन स्वतःच बादली भरून दिली.

कृतीसाठी आईला व्हिडिओ कॉल लावला. बायकोनं फोन धरला, मी कोपरापर्यंत कालवत होतो.

“अरे, पातळ झालंय. माती घाल. गवत बारीक चिर. मुठीनं मळ, भाकरीच्या पिठासारखं.” मग जरा थांबून, “हॉटेलला शेणाच्या भिंती? तिकडे गेलास कशाला मग?”

बायको हसली आणि हातातला फोन बारकडे वळला. आई पुढे वाकून बघायला लागली.

“मागे ते ओळीनं हापसे कसले रे?”

“पाण्याचे,” मी म्हणालो.