खारघरला प्लेटलेट्स मंगळवारीही लागतात

ठाणे-नवी मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती मंडळींच्या बोलण्यात धर्मांतरविरोधी कायद्याचा विषय फिरून फिरून येतो. समोरचा म्हणतो, तुमची सेवा म्हणजे आमिष. आपण म्हणतो, आमच्या शाळा बघा, दवाखाने बघा. ब्रिटनमध्ये राहून हा वाद ऐकताना एक गोष्ट फार खटकते. शाळा-दवाखाने उभारले ते आधीच्या पिढ्यांनी. आज ऐरोलीत, कळव्यात, नेरूळला राहणारा ख्रिस्ती माणूस मंगळवारी काय करतो, हा प्रश्न दोन्हीकडून कुणी विचारत नाही.

इथे ब्रिटनमध्ये रविवारी कित्येक चर्चमध्ये निम्मे बाक रिकामे असतात. पण त्याच चर्चच्या हॉलमध्ये आठवड्यात एखाद्या दिवशी फूड बँक, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणारं केंद्र, भरते. ट्रसेल या संस्थेची पहिली फूड बँक 2000 साली सॉल्झबरीत सुरू झाली, आणि तिची पद्धत शिकण्यासारखी आहे. डॉक्टर, शाळा किंवा सल्ला केंद्र चिठ्ठी देतं, ती दाखवली की निदान तीन दिवस पुरेल इतका शिधा मिळतो. डबे मुदतीच्या तारखेप्रमाणे लावलेले असतात. घरी शेगडी आहे का, हे विचारून घेतात, कारण फक्त किटली असलेल्या माणसाला कोरडा पास्ता देऊन उपयोग नाही. त्याच्यासाठी नुसतं गरम पाणी ओतून होईल असं सामान वेगळं बांधतात. धर्म कोणता, हा प्रश्न त्यात येत नाही.

आता खारघर. टाटा मेमोरियल सेंटरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग उपचार आणि संशोधन केंद्रात रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण देशभरातून येतात, तिथे अस्थिमज्जा प्रत्यारोपण होतं. बरोबरचे नातेवाईक भाड्याच्या खोलीत महिनोन्‌महिने राहतात. त्यांना नाताळात पाच किलो तांदूळ दिले आणि खोलीत गॅसच नसला, तर ते दान नातेवाइकालाच ओझं होतं. विचारून द्यावं. डबा द्यायचा तर नातेवाइकासाठी द्यावा; केमो चालू असलेल्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, त्याला बाहेरचं अन्न, कच्ची कोशिंबीर, चिरून ठेवलेली फळं यांतून संसर्ग होऊ शकतो. त्याचं खाणं आहारतज्ज्ञांनाच ठरवू द्यावं.

आणि प्लेटलेट्स, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी. केमोने त्याही उतरतात, म्हणून या रुग्णांना त्या दात्याकडून घेऊन द्याव्या लागतात. पॅरिशमध्ये, म्हणजे आपापल्या चर्चच्या मंडळीत, वर्षातून एकदा, रविवारच्या मिस्सानंतर (उपासनेनंतर) रक्तदान शिबिर होतं. ते चांगलंच आहे. पण लाल पेशी शीतकपाटात महिनाभर तरी टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस, तेही 20 ते 24 अंशांवर सतत हलवत ठेवून. शिवाय शिबिरात रक्त दिलेल्या माणसाला पुढचे किमान 28 दिवस मशीनवर (ते रक्तातून फक्त प्लेटलेट्स काढून बाकीचं रक्त परत सोडतं) प्लेटलेट्स देता येत नाहीत. म्हणजे उत्साहाने सगळे एकाच रविवारी रक्त देऊन बसले, की महिनाभर प्लेटलेट्सच्या यादीतून बाहेर.

इथल्या चर्चमध्ये प्रत्येक कामाचा रोटा, म्हणजे पाळ्यांची यादी, फलकावर लागलेला असतो. तसा रोटा नेरूळ किंवा वाशीची मंडळी सहज करू शकते. चोवीस नावं घ्या. सोमवार ते शनिवार, रोज चार: दोन जाणारे, दोन राखीव. राखीव लागतातच, कारण कुणाची शीर बारीक निघते, कुणाचा प्लेटलेट्सचा काउंट दीड लाखाच्या खाली येतो, कुणी तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली असते. वजन निदान 50 किलो हवं. मशीनवर तास-दीड तास जातो, तपासणीचा वेळ वेगळा, म्हणून अर्धा दिवस मोकळा ठेवावा. एकदा दिल्यावर 48 तासांनी पुन्हा देता येतं, पण आठवड्यात दोनदा आणि वर्षात 24 वेळांपेक्षा जास्त नाही. रक्तपेढीशी एकानेच बोलावं. मेसेजमध्ये तारीख, वेळ, रक्तगट आणि रक्तपेढीचं नाव असावं, आणि गरज भागली की तसा दुसरा मेसेज टाकावा. हा दुसरा मेसेज राहतो, आणि मग जुना निरोप पुढचे पंधरा दिवस गावभर फिरतो. खरी हाक येते तेव्हा कुणी वळून बघत नाही.

ब्रिटनमध्ये रुग्णाच्या नातेवाइकाला दाता शोधत फिरावं लागत नाही, ते काम आरोग्यसेवाच करते. आपल्याकडे अजून शोधावं लागतं. म्हणूनच इथल्या मंडळीपेक्षा तिथल्या मंडळीच्या हाताला जास्त काम आहे, असं मला मनापासून वाटतं.

आमिषाच्या आरोपाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. डब्याच्या पिशवीत पत्रक घालू नये. कायद्याच्या भीतीने नव्हे. उपाशी माणूस नाही म्हणू शकत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याचं हो खरं मानता येत नाही. लूकच्या शुभवर्तमानातल्या शोमरोनी माणसाने जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्टी बांधली, आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेलं, रात्रभर सांभाळलं, सकाळी मालकाला दोन दीनार दिले आणि वर लागलं तर परतताना देतो म्हणाला. एवढा बारीक तपशील आहे, पण जखमी माणसाला काही समजावल्याचं त्यात कुठे नाही. रुग्णासोबत किंवा मुलांसोबत फोटोही नकोत.

परदेशातून पैसे पाठवणाऱ्यांचं मन बहुधा चर्चच्या नव्या दर्शनी भिंतीत किंवा ग्रोटोत (मारियामातेच्या गुहेत) अडकतं. त्याऐवजी या डब्यांसाठी पाठवा, पण नियम पाहून. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. ओसीआय कार्डवाल्याची, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाची, ठरते, आणि ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरएची (परकीय देणगी कायद्याची) नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत ठरावीक खातं लागतं. भावाच्या खात्यात टाकून पुढे ट्रस्टला वळवू नका. अडचणीत ट्रस्ट येतो, आणि त्याच्यामागे डब्याची वाट पाहणारा माणूस.