पाऊल वाजते पुढे

सिनेमाच्या प्रीमियरचं आमंत्रण मला आलं ते थेट नायकाच्या पायांकडून. म्हणजे पाय नायकाचेच, पण त्यांचा आवाज माझ्या मित्राचा. हा गृहस्थ फोली आर्टिस्ट आहे. चित्रीकरणाच्या वेळी माइकचं सगळं लक्ष संवादांकडे. त्यामुळे पावलं, कड्या, कपड्यांची सळसळ हे नंतर स्टुडिओत चित्राकडे बघत पुन्हा वाजवून घेतात. घोडा दौडला की करवंट्या बडवायच्या, बर्फातून कोणी चाललं की कॉर्नफ्लोअरची पिशवी दाबायची, हाड मोडलं की सेलरीची जुडी पिळायची. "अरे, अख्खा सिनेमाभर मीच चाललोय, तू यायलाच हवंस," असं तो म्हणाल्यावर काय बोलणार!

पासवर 'पोशाख : औपचारिक' असं छापलं होतं. म्हणून नवे बूट घेतले. दुकानात ते अगदी गरीब वाटले.

थिएटर शहराच्या ऐन मध्यात, म्हणजे गाडी लावायला जागा नसते तिथे. गाडी लांब लावून निघालो आणि दहा पावलांत डावा बूट बोलायला लागला. कुर्र. चौक येईपर्यंत उजव्यानेही त्याला साथ धरली.

दोरीपलीकडे गर्दी होती. मला पाहून शंभरेक मोबाइल वर आले आणि हा कोणीच नाही हे कळताच तितक्याच शिस्तीत खाली गेले. लाल गालिच्यावर पाऊल ठेवलं आणि काय आश्चर्य, बूट चिडीचूप! हॉलिवूडच्या इजिप्शियन थिएटरात 1922 साली झालेल्या प्रीमियरपासून ही गालिच्याची प्रथा रुजली म्हणतात. पण इ.स.पू. 458 मधल्या एका ग्रीक नाटकातही युद्ध जिंकून आलेल्या राजाला त्याची बायको भारी तांबड्या वस्त्रांवरून चालत घरात यायला लावते, आणि आत गेल्यावर त्याचा खून करते. अंथरलेल्या गोष्टीवरून चालताना पलीकडे काय वाढून ठेवलंय याची चौकशी आधी करावी. मी केली नाही. "सर, सर!" असा पुकारा झाला म्हणून थांबलो, मान किंचित तिरकी केली. "सर, बाजूला व्हा, मागे मॅडम आहेत."

पलीकडे माझ्यासाठी पहिली रांग वाढून ठेवलेली होती. तिथून सिनेमा दिसत नाही, पडदा दिसतो. त्याला बारीक भोकं असतात. स्पीकर पडद्यामागे, म्हणून आवाज यायला वाट. नायक यायला दीड तास लागला. तोवर मी ती भोकं मोजत फुकटचं सरबत पीत होतो, चार पेले. मग भाषणं. हा नुसता सिनेमा नसून एक प्रवास आहे, असं तिघांनी सांगितलं.

प्रवास म्हटलं की मधे उतरावं लागतंच. सरबताने नेमका तो क्षण गाठला जेव्हा पडद्यावर म्हातारे वडील शेवटचे श्वास घेत होते. संगीत बंद, संवाद बंद. सातशे माणसं श्वास रोखून बसलेली. दरवाजा सगळ्यात मागे. पायऱ्यांवर गालिचा नव्हता.

कुर्र. मी थांबलो. वडील थांबले. कुर्र, कुर्र. टाचांवर चाललो तर सूर वर चढला, चवड्यांवर चाललो तर लांबला. बूट काढून हातात घ्यायचं सुचलं ते दरवाज्याशी पोहोचल्यावर. परत आत जायची छाती झाली नाही.

सिनेमा सुटल्यावर लॉबीत मित्र दिसला. मी माफीचं वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात एक ज्येष्ठ समीक्षक येऊन त्याचे दोन्ही हात धरून म्हणाले, "वडील जातात तेव्हा दूर निघून जाणारी ती कुरकुरणारी पावलं! मृत्यूच चालत गेला हो! अंगावर काटा आला."

मित्राने त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्या बुटांकडे पाहिलं.

"बरेच दिवस शोधत होतो तो आवाज," तो नम्रपणे म्हणाला.