वारा असेल

माझा स्वभाव भांडखोर नाही. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत माझ्या पार्किंगच्या जागेवर तळमजल्यावरचे काका गेली दोन वर्षं आपली स्कूटर लावतात आणि गेली दोन वर्षं मी 'उद्या बोलतोच' असं पुटपुटत जिना चढतो. अशा माणसाने गेममध्ये तरी हातात तलवार घेऊ नये, एवढं मला कळायला हवं होतं.

गेम म्हणजे स्कायरिम, तलवारी आणि जादूच्या जगात आपला एक गडी घेऊन भटकायचा व्हिडिओ गेम. आला 11 नोव्हेंबर 2011 ला. माझ्याकडे आला बराच नंतर, सेलमध्ये. तोपर्यंत त्याच्या किमतीत दोन मिसळी येत होत्या. पहिला गडी मी ढाल-तलवारवाला केला. शिंगांचं शिरस्त्राण, रुंद खांदे, सगळा थाट. तिसऱ्या रात्री पाहतो तर हाच वीर एका झुडपामागे गुडघे मोडून बसलाय आणि लांबून बाण मारतोय. म्हटलं, चुकलं असेल. दुसरा गडी जादूगार केला. आठवड्याभरात तोही त्याच झुडपामागे. या गेमचा हा जगजाहीर रोग आहे म्हणे, सुरुवात कशानेही करा, शेवटी दबा धरून बसलेला तिरंदाजच होतो. पण माझ्या बाबतीत गेमला फार कष्ट पडले नाहीत.

मग ठरवलं, व्हायचंच आहे तर नीट होऊ. तिसरा गडी वुड एल्फ या रानातल्या जमातीचा घेतला, कारण त्याची आर्चरी, म्हणजे धनुर्विद्येचे गुण, जन्मतःच 25 असते, इतर बहुतेकांची 15. म्हणजे घराण्यातच गाणं असल्यासारखं. त्यानंतर मात्र मी सगळी माती केली.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला. अकरावी सायन्स. माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत, डॉक्टर एक्स-रे बघतात तसा बराच वेळ गप्प राहिला.

"मामा, लेव्हल किती तुझी?"

"बावीस," मी ताठ बसत म्हणालो.

"आणि आर्चरी?"

"एकतीस."

"मग बाकीची लेव्हल आली कुठून?"

आता काय सांगणार? या गेममध्ये कुठलंही कसब घोटलं की लेव्हल वाढते, आणि मी सुऱ्या केल्या होत्या. लोखंडाची एक लगड आणि चामड्याची एक पट्टी दिली की एक सुरी होते. करत बसायला इतकं बरं वाटतं की मी शंभरेक केल्या. शिवाय रस्त्यात दिसेल ते झाडपाला उपटून त्याची औषधं घोटली. दुकानदारांशी घासाघीसही केली, ते तर रक्तातच आहे. प्रत्येक लेव्हलला एक पर्क, म्हणजे एखाद्या कसबातली खास बढती, मिळतो, तो जिथे जीव रमला तिथे टाकत गेलो. एक लोहाराला, एक वैद्याला, एक वाण्याला.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," आतून आई म्हणाली. ती कपाट आवरत होती, त्यामुळे ते कोणाला होतं हे आजतागायत कळलेलं नाही.

भाच्याने खरा घोटाळा समजावून सांगितला. या जगातले शत्रू तुमची लेव्हल बघून तगडे होतात. तुम्ही ती बाण मारून मिळवलीत की हातोडा, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. म्हणजे अप्रेझलमध्ये हुद्दा मॅनेजरचा, हाताला काम ट्रेनीचं येतं आणि समोर क्लायंट मात्र मॅनेजरच्या तोडीचे. परवा एका दरोडेखोराच्या अंगात मी चौदा बाण घातले. तो साळिंदरासारखा दिसत होता, पण चालत माझ्यापर्यंत आला आणि एका फटक्यात मला झोपवलं.

"आता ऐक," भाचा म्हणाला. "धनुष्याचा पहिला पर्क पाच पायऱ्यांचा आहे. दर पायरीला वीस टक्के, पाचवीला मार दुप्पट. पण पाचवी उघडायला आर्चरी ऐंशी लागते. आणि लपून मारलेला बाण आधीच दुप्पट लागतो, त्याचा पर्क घेतलास की तिप्पट. तू लपतोस छान, पण त्यात एकही पर्क टाकलेला नाहीस."

लपतो छान! सोळा वर्षांच्या पोराने माझं अख्खं चरित्र दोन शब्दांत आटोपलं.

मग शिकवणी लावली. रिव्हरवुड गावात फेंडाल नावाचा एल्फ आहे, तो पैसे घेऊन धनुर्विद्या शिकवतो, पन्नासपर्यंत. त्याच्या प्रेमप्रकरणात मदत केली की तो तुमचा सोबती होतो, आणि सोबत्याची पिशवी तुम्हाला उघडता येते. फी द्यायची, धडा घ्यायचा, पिशवी उघडायची, फी परत काढून घ्यायची. एका लेव्हलला पाचच धडे, तेवढं बंधन. भाच्याच्या क्लासची फी याच महिन्यात भरलेली असल्यामुळे मी ही सोय जरा भावनेच्या भरात वापरली.

ओझ्याचा प्रश्न वेगळाच. सुरुवातीला तीनशेपर्यंत वजन पेलतं, त्यावर गेलं की गडी खुरडत चालतो. बाणांना वजनच नाही, हजार घ्या. मग माझा तिरंदाज खुरडतो का? भाच्याने पिशवी तपासली. अकरा चीजचे गोळे, सहा झाडू, चार बादल्या, एक कढई.

"हे कशाला?"

"असू दे. कधीतरी लागेल."

आमच्या माळ्यावर आत्ता तीन बंद मिक्सर आहेत, त्यामुळे त्याने पुढे विचारलं नाही.

बाबा सोफ्यावर पेपर वाचत हे सगळं ऐकत होते. "ती साताऱ्याची अदिती स्वामी," ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, 2023 ला, बर्लिनमध्ये. फायनलला पंधरा बाणांत दीडशेपैकी 149. तुझे किती लागले?"

"बाबा, समोर अस्वल आहे. ते हलतं."

"तिकडे पन्नास मीटरवर वारा असतो. तुझ्या खोक्यात वारा आहे का?"

नाही. बाण लांब गेला की खाली येतो, म्हणून नेम जरा वर धरावा लागतो, पण वाऱ्याने तो तसूभरही सरकत नाही. वारा आहे तो फक्त शत्रूंच्या तोंडी. लपलेलं असताना स्क्रीनच्या मध्यभागी एक डोळा दिसतो. तो मिटलेला असेल तर तुम्ही कोणाला दिसत नाही. बाण लागला की तो उघडायला लागतो, दरोडेखोर धावाधाव करतात, "कोण आहे तिकडे?" म्हणून ओरडतात. तुम्ही श्वास रोखून बसायचं. थोड्या वेळाने डोळा मिटतो आणि बरगडीत बाण मिरवत तो माणूस म्हणतो, वारा असेल. आणि पुन्हा शेकोटीपाशी जाऊन बसतो.

भाऊबीजेपर्यंत आर्चरी बासष्टवर गेली. लपण्यातला तो तिप्पटवाला पर्कही घेतला. एका रात्री अख्खा किल्ला एकाही ओरखड्याशिवाय रिकामा केला आणि त्या तारेतच सकाळी सहाला मी एक चिठ्ठी छापली. 'ही जागा दुसऱ्याची आहे. आपली जागा आपल्याला ठाऊक असेलच.' सही नाही, फ्लॅट नंबर नाही. लपून मारलेला, तिप्पट. खाली जाऊन स्कूटरच्या ब्रेकमध्ये खोचली आणि वर येऊन गॅलरीत तुळशीच्या कुंडीमागे गुडघे मोडून बसलो. भाचा दात घासत मागे येऊन उभा राहिला.

साडेसातला काका दूध आणायला निघाले. चिठ्ठी काढली, चष्मा वर करून वाचली. मग मान वर करून एकेक गॅलरी बघितली. पहिला मजला. दुसरा. आमच्या कुंडीवर नजर जरा जास्तच रेंगाळली.

"वाऱ्यानं आली असेल कुठून तरी," ते वॉचमनला म्हणाले. चिठ्ठीने आरशावरची धूळ पुसली, ती घडी करून खिशात ठेवली आणि निघाले. पाच मिनिटांत दूध घेऊन आले आणि स्कूटर होती तिथेच, इंचभरही इकडेतिकडे न करता, लावली.

माझे पाय आखडले होते. उठणार, तेवढ्यात मागून फेसाळ तोंडाने भाचा कुजबुजला, "मामा, हलू नको. डोळा अजून अर्धा उघडा आहे."