चूक टेबलाची, फरक मिलिंदचा

"मजा आहे बाबा तुमची! घरी बसून लाखाचा फरक," पक्याने टपरीवर पोचायच्या आधीच तोफ डागली. सरकारी कर्मचाऱ्यांना पगाराच्या फरकाची थकबाकी मिळणार, ही सकाळची बातमी सगळ्यांनीच वाचली होती. पक्याच्या कानात ब्लूटूथ, हातात दुकानाच्या चाव्या आणि तोंडात नेहमीचंच, "माझ्या टॅक्सचा पैसा आहे तो!"

"टॅक्सचं तू बोलू नकोस," अण्णा म्हणाले. "परवा मोबाइलच्या कव्हरचं बिल मागितलं तर जास्तीचे पैसे सांगितलेस."

परळच्या आमच्या कट्ट्यावर पक्याला कोणी पहिल्या कटिंगलाच गप्प केल्याचं मला आठवत नाही. पण अण्णांची अख्खी नोकरी आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या टेबलावर गेली. सेवापुस्तक, म्हणजे नोकरीतल्या पगारवाढीपासून सगळ्या नोंदींचं पुस्तक, म्हटलं की त्यांचा आवाजच बदलतो.

सरकारी नोकरीतला मिलिंद ग्लास फिरवत बसला होता. त्याची जुलै २०१३ची वेतनवाढ सेवापुस्तकात चढवायचीच राहिली. कारकुनाची बदली झाली, टेबल दुसऱ्याकडे गेलं. पडताळणीला पुस्तक पाठवायची वेळ आली तेव्हा कुठे कुणाच्या तरी लक्षात आलं.

"एका इन्क्रिमेंटचं काय एवढं?" पक्या.

"३६० रुपयांचं," अण्णा म्हणाले. "आता ऐक. सातव्या आयोगात जुन्या मूळ पगाराला २.५७ ने गुणलं, म्हणजे ते सव्वानऊशेच्या घरात गेले. त्यावर महागाई भत्ता, घरभाडं. दरवर्षीची ३ टक्के वाढ तीही त्याच कमी पगारावर. पुढे पेन्शन त्याच आकड्यावर. एक ओळ लिहायची राहिली आणि माणूस जन्मभर एक पायरी खाली."

"मग द्या ना दुरुस्त करून!"

"केलंय की दुरुस्त," मिलिंद पहिल्यांदा बोलला. "पगार सुधारला. मागचा फरक मागितला की त्रुटी काढून फाइल परत. त्रुटी पूर्ण केली तर म्हणतात तरतूद नाही. मार्चनंतर या."

"आणि उलटं झालं असतं तर?" अण्णांनी ग्लास कट्ट्यावर आपटला. "जास्त पगार गेला असता तर पुढच्याच महिन्यापासून हप्ते कापले असते. तेव्हा तरतूद लागत नाही."

मला सगळ्यात खटकतं ते हेच. चूक दोन्ही वेळा ऑफिसचीच, पण घाई फक्त वसुलीची. थकबाकी म्हणजे बक्षीस नव्हे. त्या त्या महिन्यात किराणा भरायचे, पोराची फी भरायचे ते पैसे होते.

पक्या हटला नाही. "जास्त आले तर परत नको करायला?"

"करावेत," अण्णा म्हणाले. "पण शिपायाने रिटायर व्हायच्या आदल्या वर्षी दहा वर्षांचं एकदम कुठून आणायचं? सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१४ मध्ये रफिक मसीहच्या निकालात सांगितलंय. वसुली वर्ग तीन-चारच्या कर्मचाऱ्यांकडून नाही, निवृत्तांकडून नाही, वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून नाही, पाच वर्षांहून जास्त काळ दिलेलं असेल तर नाही."

"आणि हमीपत्र?" मिलिंदने विचारलं. "आम्ही सगळ्यांनी सही केलीय."

अण्णा जरा थांबले. "तिथे गोची आहे. २०१६चा जगदेव सिंगचा निकाल. जास्त आलं तर परत करीन असं लिहून दिलं असेल तर वसुली चालते. पण तो न्यायाधीश होता रे, शिपाई नव्हता. आणि हमीपत्र एकाच बाजूने का? कमी दिलं तर व्याजासकट देऊ, असं ऑफिसने कधी लिहून दिलंय?"

याला पक्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून तो आवाज चढवून शेअर बाजारावर गेला. तेवढ्या वेळात अण्णांनी मिलिंदला दोन कामाच्या गोष्टी सांगितल्या. एक, फरक एकदम हातात आला की टॅक्सचा स्लॅब चढतो. रिटर्नच्या आधी थकबाकीवरच्या सवलतीचा फॉर्म भरायचा, म्हणजे ज्या वर्षाचं उत्पन्न त्या वर्षात धरून सवलत मिळते. दुसरी, तोंडी विचारत बसू नकोस, लेखी अर्ज दे आणि आवकचा शिक्का घे. "उशिरा कोर्टात गेलास तर याचिकेच्या मागची तीनच वर्षं मिळतील. २००८चा सुप्रीम कोर्टाचा तरसेम सिंगचा निकाल. चूक दर महिन्याला चालू राहते हे कोर्ट मानतं, पण मागचं सगळं देत नाही."

मिलिंदचा चेहरा उतरला. तीन वर्षं म्हणजे बाकीची सगळी गेलीच.

पक्यालाच त्याचं वाईट वाटलं असावं, कारण त्याने एकदम विषय उकरला. "अण्णा, मग माझंही द्या. नरे पार्कातल्या फायनलला तुम्ही मला रनआउट दिलं होतं. बॅट आत होती! रन्स द्या, व्याजासकट!"

"बॅट हवेत होती."

"अख्ख्या चाळीने बघितलंय!"

"लेखी अर्ज केला होतास?"

"मॅचमध्ये कसला अर्ज?"

"मग बाद. आणि दिलेच तर शेवटच्या तीन वर्षांतले देईन. त्यात तू एकही मॅच खेळलेला नाहीस."

मिलिंदच्या नाकातून चहा आला. पक्या स्वतःच इतका हसला की ब्लूटूथ गटाराच्या जाळीवर जाऊन पडलं आणि सगळे ते काढायला वाकले. अर्जाचा मसुदा उद्या अण्णांच्या घरी लिहायचा ठरलाय, सेवापुस्तकाची झेरॉक्स घेऊन.