नारळ-खजूर वड्यांच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

नारळी पौर्णिमेला नेलेल्या नारळ-खजूर वड्या चौथ्या दिवशी चिकट, आंबट लागल्या, ‘शिळा माल गळ्यात मारला, वर भाव सोन्याचा’ असं लिहून तुम्ही एक स्टार दिलात. ऐन सणात तुमचा विरस झाला, त्याबद्दल मनापासून क्षमा मागते.

पण ‘शिळा’ हे फार लागलं. तुम्ही नेलेल्या वड्या त्याच दिवशी पहाटे थापल्या होत्या. पाठीचा काळा भाग येऊ न देता नारळ खवायचा, ओल आटेपर्यंत मंद आचेवर परतायचा, मग बिया काढून वाटलेला खजूर घालून मिश्रण कढईच्या कडा सोडेपर्यंत हलवत राहायचं. हे सगळं मी स्वतः करते. आदल्या दिवशीचं खोबरं वडीत जात नाही, ते घरच्या आमटीत जातं.

साखरेची नारळवडी बाहेर जास्त दिवस राहते, कारण तीत साखर भरपूर असते आणि ती खोबऱ्यातली ओल धरून ठेवते, बुरशीला वाव मिळत नाही. मी साखर घालत नाही, गूळही नाही. गूळ घालून बिनसाखरेचं म्हणून विकणं मला पटत नाही. खजुरातही त्याची स्वतःची साखर असतेच, म्हणून तोही बेतानेच. तुमच्या आईंना मधुमेह आहे हे कळल्यावर ‘डॉक्टरांना विचारून, एका वेळी एकच वडी द्या’ असं मीच म्हटलं होतं ना? मग अशी वडी श्रावणातल्या दमट हवेत ओट्यावर कशी टिकणार? झाकणावर तारीख होती, ‘फ्रिजमध्येच ठेवा, 5 दिवसांत संपवा’ असंही होतं. सकाळी 11 ला येते म्हणालात, आलात संध्याकाळी 7 नंतर, तोवर डबा माझ्या फ्रिजमध्ये होता. पुढे डोंबिवलीहून अलिबागपर्यंत गाडीत आणि तिथे ओट्यावर, हे फोनवर तुम्हीच सांगितलंत. मी वाद घातला नाही. पैसे परत करू का विचारलं, तर ‘राहू दे’ म्हणालात, आणि रात्री हा रिव्ह्यू.

भावाचं म्हणाल तर साखर 45 रुपये किलोच्या आसपास मिळते, चांगला खजूर त्याच्या कितीतरी पट पडतो. नारळाचे भाव तुम्हालाही माहीत आहेत.

झाकणावरची सूचना आता मोठ्या अक्षरांत छापून घेते, पॅकिंगचंही काहीतरी बघते. लांब न्यायचं असेल तर आधी सांगा, सुक्या खोबऱ्याचे खजूर-तीळ लाडू देईन, ते प्रवासात टिकतात.

गणपतीच्या ऑर्डरी आता सुरू होतील. नवीन माणूस आधी रिव्ह्यू वाचतो, आणि माझं घर यावरच चालतं. महाग म्हणा, चव आवडली नाही म्हणा, स्टारही एकच राहू द्या. ‘शिळा माल’ तेवढं काढता आलं तर बघा.