‘दाली’चं नाव घेऊन फिरणारा मजकूर

अमेरिकेत बाल्टिमोरचा पूल कोसळतानाच्या व्हिडिओसोबत एक मजकूर अधूनमधून फिरतो. त्यात म्हटलेलं असतं: परदेशी झेंड्याचं जहाज म्हणजे त्या देशाची भूमी, बंदरातल्या अधिकाऱ्यांना तिथे काडीचाही अधिकार नाही. झेंड्याच्या देशाने, म्हणजे जहाजाची नोंदणी जिथे आहे त्या देशाने, जहाजांविषयीचे आंतरराष्ट्रीय करारच केले नसतील तर नियमही लागू नाहीत. आणि बंदरातली तपासणी म्हणजे कागद चाळून सही. पुरावा? त्या पुलावर आदळलेलं ‘दाली’ जहाज तपासणीत पास झालं होतं.

जहाज म्हणजे वकिलात नव्हे. बंदरातल्या पाण्यावर सत्ता किनाऱ्याच्या देशाची असते. युद्धनौकांना सूट आहे, मालवाहू जहाजांना नाही. सुरक्षिततेचे नियम मोडून समुद्राला धोका निर्माण करणारं जहाज शक्य तोवर बंदरातच रोखावं, असं संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याचं कलम 219 बजावून सांगतं.

करार न केलेल्या देशाची पळवाटही बंद आहे. सोलास (जहाजांची सुरक्षितता) आणि मार्पोल (जहाजांमुळे होणारं प्रदूषण) या करारांनुसार अशा देशाच्या जहाजाला इतरांपेक्षा जास्त सवलत द्यायची नाही. नाहीतर मालकांनी झेंडे बदलण्यापलीकडे काहीच केलं नसतं. 1978 मध्ये ‘अमोको कादिझ’ हा लायबेरियन झेंड्याचा टँकर फ्रान्सच्या किनाऱ्यावर फुटला, आणि 1982 मध्ये युरोपीय देशांनी पॅरिसमध्ये सामाईक तपासणीचा करार केला.

आता ‘कागद चाळून सही’. सुरुवात कागदांपासूनच होते, हे खरं. पण तिथे किंवा डेकवर काही खटकलं की अधिकारी खोलात शिरतो. इमर्जन्सी जनरेटर चालू करून दाखवा, लाइफबोटीचं इंजिन लावा, आगीचा सराव करा. सरावात अर्ध्या खलाशांना आपली जागाच माहीत नसेल, तर भिंतीवरच्या प्रमाणपत्राला कोण विचारतो? इंजिन रूममध्ये तेलमिश्रित पाणी वेगळं करणाऱ्या यंत्राच्या पाइपाकडे बारकाईने पाहतात. जुनाट पाइपावर एकाच जोडाचे बोल्ट ताजे रंगवलेले किंवा घासलेले दिसले, की चोरवाटेने तेल समुद्रात सोडलं का, ही शंका येते. मग ऑइल रेकॉर्ड बुकातले, म्हणजे जहाजावरच्या तेलाच्या नोंदवहीतले, आकडे टाकीत मोजलेल्या पातळीशी ताडून पाहायचे. विश्रांतीच्या तासांची नोंद महिनाभर अगदी एकसारखी असणं हेही संशयास्पदच. जहाजावरचं काम इतकं शिस्तीत कधीच चालत नाही. गंभीर दोष निघाला तर तो दुरुस्त होईपर्यंत जहाज हलत नाही. अर्थात अधिकाऱ्याला मनमानीही करता येत नाही: विनाकारण अडवून ठेवलं तर मालक भरपाई मागू शकतो.

राहिलं ‘दाली’. जून 2023 मध्ये चिलीच्या सान अंतोनियो बंदरात त्यावर एक दोष नोंदवला गेला, सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला एकही नाही. मार्च 2024 मध्ये जहाजावरची वीज गेली, ते पुलावर आदळलं आणि पुलावरचे सहा कामगार मेले. अमेरिकी तपास यंत्रणेने कारण दिलं ते एका सैल वायरचं: तिच्यावरची लेबलपट्टी चुकीच्या जागी बसल्याने वायर जोडात पूर्ण गेलीच नव्हती. ही चूक काही तासांच्या तपासणीत सापडावी, ही अपेक्षाच भाबडी आहे. तशा वायरी जहाजावर हजारोंनी असतात, आणि त्यांची देखभाल मालकाने करायची असते.

‘धंदा जाईल म्हणून बंदरं जहाज अडवत नाहीत,’ हे त्या मजकुराचं शेवटचं वाक्य. पण बंदरं जहाजं अडवतात, आणि अडवलेल्या जहाजांची नावं कारणांसह जाहीर होतात. इक्वेसिस या संकेतस्थळावर मोफत नोंदणी करून आयएमओ क्रमांक (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक) टाकला, की त्या जहाजाच्या तपासण्या आणि अडवणुकी समोर येतात.